झाड कटाईचा धंदा : लाकूड कोणाचं, मजुरी किती आणि जोखीम कोणाची?

चोपडा : घराच्या पत्र्यावर निंबाची फांदी आली, बांधावरची बाभूळ केळीवर झुकली, वादळात चिंच अर्धी चिरली, की माणसं गावातल्या कटाईवाल्याला फोन लावतात. तो येतो, झाडाभोवती एक चक्कर मारतो, वर बघतो, खोडावर कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने दोन ठोके मारून आवाज ऐकतो. मग पहिला प्रश्न विचारतो, "नाना, लाकूड तुमचं का आमचं?"

सगळा सौदा या एका प्रश्नावर ठरतो. झाड किती कापलं जाईल, कटाईवाल्याच्या हातात काय पडेल आणि तो किती घाईने काम करेल, हेही बऱ्याच अंशी तिथेच ठरतं. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीकाठापर्यंत पसरलेल्या चोपडा तालुक्यात हे काम करणारी माणसं जवळपास प्रत्येक मोठ्या गावात आहेत. त्यांच्या कामाचं स्वरूप, हिशेब, कायदा आणि विमा यांची ही माहिती.

कोण करतं हे काम?

परदेशात या व्यवसायाला 'ट्री सर्जन' म्हणजे झाडांचा शल्यविशारद म्हणतात. इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या जॉन डेव्ही यांनी 1901 मध्ये 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक लिहिलं. जखमी झाड तोडून न टाकता त्याच्यावर उपचार करता येतात, हा विचार त्यानंतर तिकडे रुजला. आज तिथे परीक्षा आणि प्रमाणपत्र घेऊन लोक या धंद्यात उतरतात.

आपल्याकडे प्रमाणपत्र म्हणजे अनुभव. कोणी बापाबरोबर सरपण फोडता फोडता शिकलं, कोणी वखारीवर ओंडके चढवत होतं, कोणी शेतमजुरी करून उरलेल्या दिवसांत झाडावर चढायला लागलं. साधारण तीन-चार जणांची टोळी असते. एक वर चढणारा, एक मशीन चालवणारा, एक-दोघं खाली दोर धरणारे आणि फाटे ओढणारे. चढणारा आणि मशीनवाला अनेकदा एकच असतो. टोळीचा प्रमुख काम अंगावर घेतो. तो मालकही आहे आणि मजूरही. महिन्याचा पगार नाही, सुट्टी नाही, हजेरीपत्रक नाही.

सौदा कसा ठरतो?

तालुक्यात साधारण तीन प्रकार चालतात.

पहिला, उक्तं काम. झाड बघून एकच रक्कम ठरते, लाकूड मालकाचं.

दुसरा, रोजावर. मशीनचे वेगळे, माणसांचे वेगळे. कापायची झाडं जास्त असतील, शेताचा सगळा बांध मोकळा करायचा असेल, तर हा प्रकार सोयीचा पडतो.

तिसरा आणि सर्वांत जास्त चालणारा, लाकडावर. मालक पैसे देत नाही, कटाईवाला लाकूड नेतो. झाड जाड आणि सरळ असेल तर उलट तोच मालकाला पैसे देतो.

उक्त्या कामाचा हिशेब कसा पडतो ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, 5,000 रुपयांत काम ठरलं. पेट्रोल आणि ऑइल 500 रुपये, ट्रॅक्टर-ट्रॉली 1,200 रुपये. राहिले 3,300. चार माणसांना प्रत्येकी 700 धरले तर 2,800 गेले. उरले 500. त्यात मशीनची चेन, पट्टी, दुरुस्ती, दोर आणि ज्या दिवशी काम मिळालं नाही तो दिवस, सगळं भागवायचं. मशीन बंद पडलं तर तो दिवस घाट्यात.

आता लाकडावरचा सौदा पाहा. निंबाच्या दोनच फांद्या धोक्याच्या आहेत, बाकी झाड धडधाकट आहे. या दोन फांद्या दोराने बांधून, पत्र्याला धक्का न लावता उतरवणं हे सर्वांत कसबाचं काम. पण त्यातून निघतो पाला आणि थोडं बारीक सरपण. कटाईवाल्याला त्यात काही सुटत नाही. मग तो म्हणतो, "आप्पा, आलोच आहे तर या दोन जाड फांद्याही घेऊन टाकतो, पुन्हा त्रास नको." मालकालाही ते बरं वाटतं, खिशातून काही जात नाही. पण गरज नसलेल्या दोन जाड फांद्या जातात आणि झाडाचा तोल बिघडतो.

म्हणजे लाकडावरच्या सौद्यात कौशल्याला दाम नाही, वजनाला आहे. कमी कापणाऱ्याला कमी मिळतं. घाई केली तर ट्रॉली लवकर भरते, म्हणून दोर बांधण्यात वेळ घालवायला कोणी तयार होत नाही. झाडाचं आणि माणसाचं नुकसान असं एकाच व्यवहारातून होतं.

लाकूड जातं कुठे?

सगळं लाकूड चुलीत जात नाही. बाभूळ टणक असल्याने अवजारांचे दांडे आणि औताचे भाग यांसाठी मागितली जाते. चिंचेचा ओंडा खाटकाच्या दुकानात लागतो. निंबापासून चौकटी आणि घरगुती सामान होतं. निलगिरीचे सरळ वासे स्लॅबच्या सेंट्रिंगला जातात. उरलेलं जळाऊ लाकूड ढाबे, वीटभट्ट्या, लग्नकार्यातले आचारी आणि स्मशानभूमी इथे खपतं. वड, पिंपळ, उंबर यांच्या लाकडाला फारसा भाव नाही. शिवाय या झाडांवर कुऱ्हाड चालवायला अनेक टोळ्या नाही म्हणतात, किंवा आधी नारळ फोडायला लावतात.

वर्षाचं वेळापत्रक

फेब्रुवारी-मार्चमध्ये निंबाची पानगळ होते. फांद्या उघड्या दिसतात, वाळलेलं आणि जिवंत लगेच कळतं. छाटणीला हा काळ चांगला. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो. तेव्हा पहाटे लवकर सुरू करून अकराच्या आत उतरायचं आणि पुन्हा चारनंतर चढायचं, असा शिरस्ता आहे. भर दुपारी झाडावर चक्कर आली तर दोर नसलेला माणूस थेट जमिनीवर येतो.

मे महिन्यात कामाची सर्वाधिक गर्दी असते. पेरणीआधी बांध मोकळे करायचे असतात, विजेच्या तारांजवळच्या फांद्यांची पावसाळापूर्व छाटणी सुरू होते. केळी पट्ट्यात याच दिवसांत वादळी वारे येतात. एका रात्रीत रस्त्यावर झाडं आडवी होतात आणि एकाच कटाईवाल्याला दहा गावांतून फोन येतात.

जून ते सप्टेंबर पडलेल्या झाडांचं काम असतं. ओल्या खोडावर पाय घसरतो, मशीनही घसरतं. याच काळात बगळे आणि इतर पाणपक्षी चिंच, वड, निंबावर घरटी करतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणं शिकारीच्या व्याख्येत मोडतं. त्यामुळे घरट्यांनी भरलेलं झाड पिल्लं उडेपर्यंत थांबवणं योग्य. दिवाळीनंतर सरपणाची मागणी वाढते आणि पुन्हा बांधावरची कामं निघतात.

मशीन : हाताला वेग, कानाला आणि जिवाला धोका

कुऱ्हाड, कोयता आणि दोघांनी ओढायची करवत यांची जागा आता पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉने घेतली आहे. बोलीत त्याला 'कटर मशीन' म्हणतात. टू-स्ट्रोक मशीनमध्ये पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल मिसळावं लागतं, प्रमाण मशीनप्रमाणे लिटरला साधारण 20 ते 40 मिली. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर धूर आणि काजळी. चेनला वेगळं ऑइल लागतं. खिळा किंवा तार गिळलेलं खोड कापताना चेनचे दात जातात. बांधावरच्या झाडांत जुन्या कुंपणाची तार हमखास सापडते.

सर्वांत मोठा धोका मशीन उसळण्याचा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडात अडकला की मशीन क्षणात कापणाऱ्याच्या तोंडाकडे किंवा मानेकडे येतं. म्हणून टोकाने कापायचं नाही, मशीन दोन्ही हातांनी धरायचं, खांद्याच्या वर नेऊन चालवायचं नाही. झाडावर एका हाताने फांदी आणि दुसऱ्या हाताने मशीन धरणं म्हणजे अपघाताला बोलावणं. चेनसॉचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो, तर 85 डेसिबलपुढचा आवाज रोज तासन्‌तास ऐकला की कान कायमचे बधिर होऊ शकतात. अनेक जुन्या मशीनवाल्यांशी मोठ्याने बोलावं लागतं, त्याचं कारण हेच.

झाड पाडताना

झाड ज्या दिशेला पाडायचं त्या बाजूला आधी खाच घ्यायची. मग मागच्या बाजूने, खाचेपेक्षा थोडं वर, दुसरा काप. दोन्हींच्या मध्ये खोडाच्या जाडीच्या साधारण दहाव्या भागाइतकी पट्टी न कापता ठेवायची. ही पट्टी बिजागरीचं काम करते आणि झाडाला दिशा देते. ती पूर्ण कापली की झाड कुठेही जातं.

पाडण्याआधी पळायची वाट ठरवायची. पडणाऱ्या दिशेच्या बरोबर मागे नाही, तर मागे तिरकस. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात बघे, पोरं, गुरं, मोटरसायकल काही नको. गावात झाड पडताना बघायला गर्दी जमते. तिला हटवण्यासाठी टोळीत एक माणूस वेगळाच लागतो.

फांदी नेमकी कुठे कापायची?

फांदी खोडाला मिळते तिथे सालीची थोडी फुगलेली कडी दिसते. काप त्या कडीच्या बाहेरून घ्यायचा. अमेरिकेच्या वन सेवेतले शास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी झाडं उभी चिरून आतली कुज कशी पसरते याचा अभ्यास केला आणि 1970 च्या दशकात एक गोष्ट मांडली. झाडाची जखम माणसासारखी भरत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंत उभारतं आणि कुज आत कोंडून ठेवतं. त्या भिंतीचं काम फांदीच्या कडीजवळ होतं. खोडाला चिकटून सपाट कापलं की कडीच जाते आणि कुज थेट खोडात उतरते. वरून डांबर फासलं तरी ती थांबत नाही.

जाड फांदी तीन कापांत उतरवायची. पहिला काप खोडापासून फूट-दीड फुटावर, खालून वर, थोडाच. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून खाली. फांदी पडली की तिसरा काप कडीच्या बाहेर. थेट वरून कापलं तर फांदी आपल्या वजनाने खोडाची साल सोलत खाली येते.

सगळा शेंडा उडवून झाडाचं मुंडण करणं, हा तालुक्यातला सर्वांत सवयीचा प्रकार. त्याने झाड सुरक्षित होत नाही. त्या जागी जे दाट धुमारे फुटतात ते वरवरच्या लाकडाला चिकटलेले असतात. पाच-सात वर्षांनी तेच जड होऊन वाऱ्यात मोडतात. एका वेळी जिवंत फांद्यांचा पाव भागापेक्षा जास्त काढू नये, हा साधा नियम लक्षात ठेवावा.

दुर्लक्ष केलेलं झाड किती महाग पडतं, हे 2023 या एका वर्षात दोनदा दिसलं. 9 एप्रिल 2023 रोजी अकोला जिल्ह्यातल्या पारस इथे वादळी पावसात जुना निंब मंदिरासमोरच्या पत्र्याच्या शेडवर कोसळून 7 जणांचा जीव गेला. त्याच वर्षी जूनअखेरीस आपल्या जळगाव जिल्ह्यात एरंडोल–कासोदा रस्त्यावर चालत्या पोलीस वाहनावर झाड पडून दोन पोलिसांचा मृत्यू झाला. धोक्याचं झाड ओळखणं हेही कटाईवाल्याचंच काम आहे. खोडावर अळंबी येणं, बुंध्याशी माती उचकटणं, ठोका मारल्यावर पोकळ आवाज येणं, दुबेळक्यात चीर पडणं, ही त्याची लक्षणं.

तार आणि मोहोळ

11 हजार व्होल्टच्या तारेला हात लागायची गरज नसते. ओली फांदी, लोखंडी शिडी किंवा भिजलेला दोर पुरेसा आहे. तारेजवळचं काम महावितरणच्या माणसाने लाइन बंद करून, ती बंद असल्याची खात्री केल्याशिवाय सुरू करायचं नाही. 'लाइट गेलीय, पटकन उरकून घेऊ' हा विचार जीव घेतो, कारण लाइट कधीही येते. तक्रार किंवा मागणीसाठी 1912 हा क्रमांक आहे.

आग्या मोहोळ असलेल्या झाडावर मशीन सुरू करायचं नाही. आवाजाने आणि हादऱ्याने माश्या उठतात आणि उंचीवरचा माणूस पळूही शकत नाही.

कोणी पडलंच, तर त्याला हात-पाय धरून उचलू नये. मणक्याला मार असेल तर अशा उचलण्याने कायमचं अपंगत्व येतं. मान स्थिर ठेवून, सपाट फळीवर घेऊन, 108 ला फोन करावा.

परवानगी कोणाची?

'माझ्या शेतातलं झाड, मला कोण विचारणार?' हा समज चुकीचा आहे. जमीन महसूल संहिता, 1966 नुसार खातेदाराच्या जमिनीतल्या झाडांवर त्याचा हक्क असतो, पण तोडण्याचे नियम वेगळे आहेत.

ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 लागू आहे. त्याच्या अनुसूचीत साग, चिंच, आंबा, जांभूळ, मोह, फणस, हिरडा, खैर, चंदन, अंजन, तिवस, ऐन, बिबळा, हळदू, किंजळ आणि कांदळवन अशी झाडं आहेत. ती तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाड वाळलेलं, रोगट, वाऱ्याने पडलेलं किंवा जीविताला धोकादायक असेल तर परवानगीचा आधार कायद्यातच आहे. त्यासाठी सातबारा आणि फोटो जोडून वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करावा. चोपडा तालुका यावल वन विभागात येतो.

चोपडा नगर परिषदेच्या हद्दीत 1975 चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा चालतो. तिथे परवानगी नगर परिषदेकडून घ्यावी लागते आणि झाडाला इजा करणं हेही 'तोडणं' या व्याख्येत येतं. 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं.

आदिवासी खातेदाराच्या जमिनीतली झाडं विकत घेताना विशेष काळजी हवी. 1969 च्या कायद्यानुसार अशा झाडांची विक्री जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, थेट खासगी सौदा चालत नाही. रस्त्याकडेचं झाड घरासमोर असलं तरी आपलं नसतं. बांध सामायिक असेल तर शेजाऱ्याची संमती लेखी घ्यावी.

कापणाऱ्याने परवानगीचा कागद आधी बघावा आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवावा. झाड मालकाचं असलं तरी कारवाईच्या वेळी मशीन आणि ट्रॉली अडकते ती कटाईवाल्याची. ज्या लाकडाला वाहतूक परवाना लागतो ते त्याशिवाय हलवू नये.

विमा : 20 रुपयांचं काम

स्वतःचा धंदा असल्याने अपघात झाला की भरपाई मागायला मालक नसतो. म्हणून निदान एवढं करून ठेवावं :

- प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना : वय 18 ते 70, वर्षाला 20 रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, अंशतः कायम अपंगत्वाला 1 लाख. हप्ता बँक खात्यातून कापला जातो आणि विम्याचं वर्ष 1 जूनपासून सुरू होतं. मेअखेरीस खात्यात शिल्लक आहे ना, ते बघावं.
- गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना : कटाईवाला स्वतः खातेदार असेल, किंवा खातेदार कुटुंबातला पात्र सदस्य असेल, तर उंचावरून पडणं आणि विजेचा धक्का हे अपघात यात बसतात. मृत्यूला 2 लाख. अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे.
- ई-श्रम नोंदणी : असंघटित कामगारांसाठी 2021 पासून सुरू. वय 16 ते 59. आधार आणि बँक खाते लागतं.

भूमिहीन मजुराला दुसरी योजना लागू होत नाही. त्याच्यासाठी पहिलीच मोठा आधार आहे. टोळीतल्या चारही जणांचे मिळून वर्षाला 80 रुपये होतात.

काम देण्याआधी एवढं ठरवा

1. कोणती फांदी कापायची ते झाडाखाली उभं राहून, बोट दाखवून ठरवा. शक्य असेल तर चुन्याने खूण करा.
2. छाटणीची मजुरी पैशात द्या. लाकडाचा हिशेब वेगळा ठेवा.
3. पत्रा, भिंत, पीक यांचं नुकसान झालं तर काय, हे आधीच बोला.
4. वर चढणाऱ्याकडे कंबरेचा पट्टा आणि डोक्यावर हेल्मेट आहे का, ते बघा. नसेल तर काम थांबवा.
5. फाटे आणि पाला कोण उचलणार, ते ठरवा. शेळ्यांना पाला हवा असणारे गावात असतातच.

यातला दुसरा मुद्दा पाळला तर बाकीचे बरेच सोपे होतात. ज्याला दोन फांद्यांच्या छाटणीचे रोखीने योग्य पैसे मिळतात, त्याला तिसरी फांदी कापण्याचं कारण उरत नाही, दोर बांधायला वेळही मिळतो. निंबाची सावली शिल्लक राहते आणि वर चढलेला माणूस संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जातो.